तांबड्याची चंदी

गिरणीवाल्याची पांढरी घोडी तिसऱ्यांदा फाटकात उभी राहिली, तेव्हा सून लिदीची पाटी डोक्यावर घेऊन उकिरड्याकडे निघाली होती. घोडी बघून ती पाटीसकट थांबली. घोडी एकदा परत आली की तिचा दोष, दुसऱ्यांदा आली की हवेचा. तिसऱ्यांदा आली की लोक घोड्याकडे बघायला लागतात, आणि घोड्याकडे बघून झालं की घोडेवाल्याकडे. या घरात बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. थोडी मुरमाड जमीन, दोन खोल्या, एक पागा आणि पागेत तांबड्या नावाचा घोडा. घर चालायचं ते तांबड्यावर. लोक आपल्या घोड्या त्याच्याकडे आणायचे आणि गाभण करून न्यायचे.

"आहेत का घरात?" गिरणीवाल्यानं हाक मारली. त्याच्या भुवयांवर कायम पीठ असायचं, त्यामुळे तो चिडलाय की थट्टा करतोय ते लवकर कळत नसे. "पाहुणी आलीय. तुमच्याकडचं पाणी गोड लागतं वाटतं हिला."

तिचा म्हातारा सासरा पागेतून बाहेर आला. "आण आत," तो म्हणाला. "रस्त्यात शोभा नको."

मग नेहमीसारखं झालं. म्हाताऱ्यानं घोडीची शेपटी बाजूला केली, तळहात फिरवला आणि तो हात नाकाशी धरून डोळे मिटले. आसपासच्या सगळ्या वस्त्यांत हा माणूस याच एका गोष्टीसाठी ओळखला जाई. घोडी माजावर आलीय की नाही, आली असेल तर घोड्याला आज दाखवायची की उद्या, हे तो वासावर सांगे. गवताच्या गंजीत हात घालून आत बुरशी धरलीय म्हणून सांगे आणि गंजी फोडली की निघेही. एका व्यापाऱ्याचा तगडा घोडा त्यानं नुसत्या तोंडाच्या वासावरून आजारी ठरवला होता, आणि तो घोडा म्हणे घरी पोचायच्या आत वाटेतच बसला. यातलं खरं किती आणि चहाच्या टपरीवर वाढवलेलं किती, कुणास ठाऊक. पण लोक यायचे ते घोड्याइतकेच त्या नाकावर विश्वास ठेवून यायचे.

"आलीय माजावर," म्हातारा डोळे उघडून म्हणाला. "आज नको. उद्या सकाळी."

"मागच्या खेपेलाही उद्या सकाळीच म्हणाला होतात."

"मग?"

"मग काही नाही. म्हटलं, आठवण करून द्यावी."

मुलगा पाण्याची बादली घेऊन मध्ये आला नसता तर शब्दाला शब्द लागला असता. त्याच्या बापाला कुणी वर तोंड करून बोललेलं त्याला आवडायचं नाही, आणि बापाचं ऐकून घेणंही त्याला अलीकडे जड जात होतं. दोन्हींच्या मध्ये तो सारखा बादल्या उचलत असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीला आडव्या वाशापाशी बांधलं, शेपटीला फडकं गुंडाळलं. मुलानं तांबड्याला बाहेर काढलं. दोन वर्षांपूर्वी हा घोडा पागेच्या दारातच मागच्या पायांवर उभा राहायचा आणि दोघांनी दोर धरला तरी ओढून न्यायचा. आता तो चालत आला. मान ताणली, ओठ वर केला, पण अंगात जोर नव्हता. पहिल्यांदा चढला आणि घसरून उतरला. दुसऱ्यांदा घोडीनं लाथ झाडली. तिसऱ्यांदा काम झालं, तेव्हा त्याच्या बगलांमधून घामाचे ओघळ चालले होते आणि तो उतरल्यावर मान खाली घालून उभा राहिला.

"दमला बिचारा," गिरणीवाला म्हणाला.

"ऊन आहे," म्हातारा म्हणाला.

ऊन खरंच होतं. पागेवरचे पत्रे सकाळपासूनच तडतडायला लागायचे. तरी तांबड्याच्या पाठीवर झूल असायची, कारण पैदाशीच्या घोड्याला वारा लागू द्यायचा नाही हे म्हाताऱ्याचं मत होतं. त्याची मतं बरीच होती आणि ती बदलायची सोय कुणी ठेवलेली नव्हती.

गिरणीवाला गेला आणि म्हातारा तडक चंदीच्या खोलीत शिरला. खोली कसली, पागेला लागून केलेला आडोसा. पण तिथं घोड्याची चंदी कालवायचा अधिकार फक्त त्याचा. भिजवलेला दाणा, कोंडा, गूळ, मूठभर मीठ आणि वरून जवसाचं तेल. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा खिडकीखाली होता. दर वेळी घोडी परत आली की तेलाचं माप वाढायचं. आधी अर्धी वाटी होती, मग वाटी झाली. आज त्यानं वाटी भरून ओतली आणि परत भरली.

सुनेनं तोबरा नेऊन तांबड्याच्या तोंडाला बांधला. तो फुरफुरला, मान झटकली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिनं तोबरा काढून आत तोंड घातलं. रंगाऱ्यानं ब्रश धुवून ठेवलेल्या डब्यासारखा वास आला, आणि मागून घशात काहीतरी कडू उतरलं.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली, "तेल खवट झालंय."

म्हातारा उठला. त्यानं तोबरा हातात घेतला, नाक आत घालून चांगला लांब श्वास घेतला. मुलगा बघत होता, सासू दारातून बघत होती.

"कुठाय वास?" तो म्हणाला. "एक नंबर तेल आहे."

मुलगा हसला. "अगं, कुणाला शिकवतेस? त्यांच्यासमोर वासाच्या गोष्टी?"

सुनेनं पुन्हा तोबरा नाकाशी नेला. वास होताच. पण समोरच्या माणसाचं नाक म्हणजे या भागातलं शेवटचं कोर्ट, तिथं अपील कुठं करणार? मग आपल्यालाच काहीतरी होत असेल, सर्दी असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. म्हाताऱ्यानं गुळाचा आणखी एक खडा फोडून आत टाकला. तांबड्यानं वरचा गूळ लागला तेवढा खाल्ला आणि मग भूक लागली म्हणून उरलेलंही खाल्लं.

गिरणीवाल्याची घोडी चौथ्यांदा आली नाही. त्यानं ती नदीपलीकडच्या घोड्याकडे नेली, हे त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. शिक्षकाची घोडी परत आली. दूधवाल्याची परत आली. मुलाच्या मोबाईलवर लोक फोन करायचे आणि तो अंगणाच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलायचा. घरात कुणाला धड बसवत नव्हतं. म्हातारा उगाच पागेच्या कड्या काढायचा, घालायचा. सासू तांदळातले खडे निवडून झाले तरी पुन्हा निवडायची.

अशात वीटभट्टीवाला आला. त्याला भट्टीच्या गाडीला घोडा हवा होता. तो तांबड्याच्या खांद्यावर थापा मारत हिंडला, मागच्या पायाचे सांधे दाबून बघितले, जबडा उघडून दात बघितले.

"अंग चांगलं आहे," तो मुलाला म्हणाला. "पण खच्ची करून द्या. असला मस्तवाल मला गाडीला नको."

म्हातारा दहा पावलांवर खरारा करायचा ब्रश साफ करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"वडिलांशी बोलायला हवं," मुलगा म्हणाला.

"बोला. पण लवकर बोला. बाजारात घोडे पुष्कळ आहेत."

तो गेल्यावर मुलानं बापाला काही विचारलं नाही. त्यानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हाताऱ्याला हे कळलं ते बाई स्कूटरवरून अंगणात उतरल्या तेव्हा.

"कुणी बोलावलं?" म्हातारा म्हणाला.

"मी," मुलगा म्हणाला.

"माझ्या घोड्याला मला न विचारता?"

"बाबा, रोज एक घोडी परत येतेय. विचारून विचारून किती दिवस काढायचे?"

डॉक्टरीणबाई हेल्मेट हातात घेऊन उभ्या होत्या. घरातली भांडणं बघायची त्यांना सवय असावी. त्यांनी तेवढ्यात पत्र्याकडे बघितलं, झुलीकडे बघितलं आणि तांबड्याच्या मानेवरून हात फिरवून घाम बोटांवर चोळून बघितला.

दूधवाल्याची घोडी परत आलेली होतीच. तिला बांधली. बाईंनी पिशवीतून एक जाड चामड्याची नळी काढली, आत कोमट पाणी भरलं, पुढे बाटली लावली. तांबड्या घोडीवर चढला तसं त्यांनी खाली वाकून त्याचं वीर्य त्या नळीत घेतलं. रस्त्यावरून जाणारे दोघं-तिघं कुंपणाशी थांबले आणि एकानं शीळ घातली. म्हातारा तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला. त्याच्या आयुष्यात त्यानं शेकडो वेळा हे काम केलं होतं आणि एकदाही त्याला लाज वाटली नव्हती. आज वाटली.

बाईंनी ओसरीवर सूक्ष्मदर्शक मांडला. काचेवर थेंब घेतला, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मुलाला बघायला लावलं.

"हे काय आहे?" मुलानं विचारलं.

"ते जंतू. वीर्यातले. दिसतायत का?"

"दिसतायत. पण पडूनच आहेत."

"तेच तर. जे हलतायत ते जागच्या जागी गोल फिरतायत. शेपट्या वाकड्या आहेत. असे जंतू घोडीपर्यंत पोचून काय करणार?"

सून खांबाला टेकून ऐकत होती. सासू चहा घेऊन आली आणि चहाचा ट्रे हातात धरूनच उभी राहिली.

"म्हणजे संपला का घोडा?" मुलानं विचारलं.

"तसं नाही म्हणत मी. बघा, अंगात अन्न जळतं, त्याचा धूर होतो म्हणा. आपल्या अंगात तो धूर झाडून काढायची सोयही असते. हिरव्या चाऱ्यातून, ताज्या खुराकातून ती ताकद येते. पण धूर फार झाला, किंवा झाडणारी ताकद कमी पडली, की मार पहिला या जंतूंना बसतो. यांच्या अंगावर एक पातळ आवरण असतं, चरबीचं. ते खवट होतं."

"खवट?" सुनेच्या तोंडून निघून गेलं.

"हो. तेल खवट होतं ना, अगदी तसंच. आत, अंगातल्या अंगात." बाई म्हाताऱ्याकडे वळल्या. "बाबा, हा पत्र्याखाली झूल घालून का उभा असतो? भाजतोय तो. रोज रोज घोड्या दाखवू नका. कोरडा चारा एवढा, हिरवं काहीच नाही. आणि चंदीत काय घालता?"

म्हाताऱ्यानं सांगितलं. दाणा, कोंडा, गूळ, मीठ.

"तेल?"

"घालतो. जवसाचं."

"चांगलं असतं, पण फार नाजूक. उन्हात ठेवलं, डबा उघडा राहिला, की आठवड्याभरात बिघडतं. आणि बिघडलेलं तेल पोटात गेलं की धुरात धूर. बघू जरा तुमचं तेल."

 म्हाताऱ्यानं सुनेकडे बघितलं नाही.

"संपलं," तो म्हणाला. "परवाच संपलं."

सुनेनं खांब घट्ट धरला. डबा अर्धा भरलेला होता, आज सकाळीच तिनं त्याच्या मागचं जाळं काढलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. चार माणसांत सासऱ्याला खोटं पाडायचं तिला जमलं नाही, आणि न जमल्याचा तिला तेव्हाच स्वतःचा राग आला.

"बरं," बाई म्हणाल्या. "आता घोडी दाखवणं बंद. झूल काढा, दिवसभर मोकळा सोडा, लसूणघास द्या. हे जंतू आता काही सुधारत नाहीत. जुने जाऊन नवे तयार व्हायला दोनेक महिने लागतात. तेव्हा मी परत बघते."

"आणि तेव्हाही असंच असलं तर?" मुलगा म्हणाला.

"तर मग..."

"तर येताना खच्ची करायचं सामान घेऊनच या. वीटभट्टीवाला थांबलाय."

सासू चहाचा ट्रे तसाच आत घेऊन गेली. म्हातारा उठून पागेत गेला आणि तांबड्याच्या अंगावरची झूल त्यानं इतक्या जोरात ओढली की तिची एक नाडी तुटली.

सुनेला त्यानंतर चैन पडेना. झूल गेली, घास आला, तांबड्या मागच्या कुंपणात मोकळा फिरायला लागला. पण चंदीची खोली तशीच होती आणि तेलाचं माप तसंच होतं. ती तोबरा बांधायची आणि वळून न बघता निघून जायची. नवऱ्याला सांगावं तर तो बापाच्या अंगावर धावून जाईल. न सांगावं तर दोन महिन्यांनी बाई सामान घेऊन येतील. सासरे खोटं का बोलले हे तिला कळत नव्हतं. तिला वाटलं, हट्ट. एकदा चांगलं म्हटलं तेल, आता वाईट कसं म्हणायचं. या घरातल्या पुरुषांचा तो जुना आजार.

मग तिनं एक केलं. घाण्यावर जाऊन बाटलीभर ताजं तेल आणलं. दुपारी नवरा बाजारात गेला होता, सासू शेजारी बसायला गेली होती. ती चंदीच्या खोलीत गेली, दोन वाट्या घेतल्या. एकीत डब्यातलं ओतलं, दुसरीत बाटलीतलं. म्हातारा दाणा भिजवत होता.

"मामा, मी लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण एकदा दोन्ही हुंगून बघा. मग मी परत बोलणार नाही. यातलं एक आजचं आहे."

म्हाताऱ्याचे हात पाण्यात होते. त्यानं ते बाहेर काढले, हळूहळू पुसले. एक वाटी नाकाशी नेली, ठेवली. दुसरी नेली. पुन्हा पहिली नेली. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"हे," तो शेवटी म्हणाला आणि वाटी तिच्याकडे सरकवली. "हे खराब आहे. कुठून आणलंस असलं?"

त्यानं ताज्या तेलाची वाटी सरकवली होती.

 सुनेचा चेहरा म्हाताऱ्यानं वाचला. ज्या माणसानं आयुष्यभर मुक्या जनावरांचे चेहरे वाचले त्याला एवढं वाचता येणारच. तो खाली बसला, भिजल्या दाण्याच्या पाटीशेजारी, ओल्या जमिनीवर.

"थंडीत ताप आला होता ना मला," तो म्हणाला. "त्यात गेलं. वाटलं, येईल परत. लिदीचा येत नाही, धुराचा येत नाही. तोंडाला चवही अर्धीच आहे."

"पण मग घोड्या...? तुम्ही हात लावून सांगता..."

"डोळ्यांनी बघतो. शेपटी कशी धरते, कान कसे. बाकी ठोकून देतो." त्यानं तिच्याकडे बघितलं. "लोक काय घोड्यासाठी येतात? घोडे काय, पलीकडेही आहेत. मला वास येत नाही म्हटल्यावर फाटकात कुत्रं तरी येईल का? म्हणून नाही बोललो. तू तेल म्हणालीस तेव्हा वाटलं, आता पकडलो गेलो. पण पोरगा हसला तुला, आणि मला... मला बरं वाटलं. सुटलो म्हटलं."

सुनेला त्याची इतकी कीव आली की आपण हे वाट्यांचं नाटक का केलं असं तिला झालं. मग तिला तांबड्या आठवला, भिंतीकडे तोंड फिरवणारा.

"त्याला कळत होतं," ती म्हणाली. "घोड्याला. तो तोंड फिरवत होता."

"हो ना. आणि मी वर गूळ घालत होतो."

"तेल मी ओतून टाकते."

"तू नको." म्हातारा उठला, डबा उचलताना कमरेतून वाकला. "सांगशील का त्याला? तुझ्या नवऱ्याला?"

तिनं मान हलवली. नाही सांगणार.

डबा त्यानं स्वतः उकिरड्यामागच्या खड्ड्यात रिकामा केला. दुसऱ्या दिवसापासून चंदी तोच कालवायचा, पण पाटी दाराशी आणून ठेवायचा आणि उगाच दोराची गाठ बघत उभा राहायचा. सून लीद उचलता उचलता खाली वाकायची, हुंगायची आणि पुढे जायची. ती पुढे गेली म्हणजे ठीक. थांबली म्हणजे काहीतरी बिघडलंय. एकदा कोंड्याला बुरशी होती, ती थांबली, त्यानं कोंडा फेकला. आपलं हे गुपित मोठं पक्कं आहे असं दोघांनाही वाटत होतं. एके दिवशी सासू चुलीशी बसल्या बसल्या सुनेला म्हणाली, "नीट हुंगत जा गं. माझं दूध करपून कोळसा होतं आणि हे शेजारी बसून पेपर वाचतात. मला काय माहीत नाही?"

"मग आत्या, तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्यांनी सांगितलं नाही, म्हणून मी विचारलं नाही," सासू म्हणाली आणि पातेलं उतरवलं.

ते दोन महिने कुणाचेच सरळ गेले नाहीत. तांबड्याला घोडी मिळायची नाही, तो कुंपणाच्या कडेनं फेऱ्या मारून मारून वाट पाडायचा, रस्त्यानं एखादी घोडी गेली की असा खिंकाळायचा की भांडी वाजावीत. सून ते ऐकून मनात खूश व्हायची, म्हातारा बोलून दाखवायचा नाही पण त्याचा खरारा लांबायचा. घोड्याच्या पाठीवर पुन्हा उजाळा आला होता. मुलाला मात्र त्यात काही दिसत नव्हतं. त्याला रिकामं फाटक दिसत होतं. वीटभट्टीवाला दोनदा येऊन गेला होता आणि दुसऱ्या वेळी त्यानं मोजपट्टीनं घोड्याची छाती मोजून नेली, गाडीचा पट्टा शिवायला.

बाई यायच्या दिवशी ढग आले होते आणि वारा पडला होता. वीटभट्टीवाला पट्टा घेऊनच आला. शिक्षकाची घोडी त्या दिवसापुरती मागून आणली होती. आणि कुणी न बोलावता गिरणीवालाही आला. पलीकडच्या घोड्यापासून त्याची घोडी गाभण राहिली होती, त्यामुळे तो फार मोकळेपणानं हिंडत होता.

बाईंच्या स्कूटरवर आज दोन पिशव्या होत्या. दुसरी कशाची हे कुणी विचारलं नाही. सासू ती बघून आत गेली आणि बाहेर आली नाही.

तांबड्या त्या दिवशी दारातून मागच्या पायांवर उभाच बाहेर आला. मुलाच्या हातातून दोर सटकला आणि तळहाताची साल निघाली. म्हातारा धावला, सूनही धावली. पहिल्याच झेपेत काम झालं आणि बाईंनी बाटली पदराखाली झाकून ओसरीवर नेली.

 बाई वाकल्या. एक थेंब बघितला, पुसला, दुसरा घेतला.

"सुधारलाय," त्या म्हणाल्या. "चांगलाच सुधारलाय. पूर्ण नाही, पण घोड्या राहतील. आठवड्यातून दोन-तीन दाखवा, जास्त नको."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"कशानं सुधारला?" मुलानं विचारलं.

"विश्रांती, हिरवा चारा, सावली. पण एवढ्यानं इतका फरक..." बाई थांबल्या. "आणखी काही बदललंत का?"

"काही नाही," मुलगा म्हणाला.

"मग पुढच्या हंगामात परत असाच होणार," वीटभट्टीवाला पट्टा खांद्यावर टाकत म्हणाला. "कशानं बिघडला ते माहीत नाही, कशानं सुधारला ते माहीत नाही. हवेवरचा घोडा हा. आता अंग भरलंय तोवर देऊन टाका मला. बाईही आल्यात, सामानही आलंय."

मुलानं सालटलेला हात बघितला. तो थकला होता. पुन्हा तेच फोन, तीच परत आलेली घोडी, तेच अंगणाच्या टोकाला जाऊन हळू बोलणं, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"बाबा," तो म्हणाला, "ते बरोबर बोलतायत. देऊन टाकू."

सुनेनं सासऱ्याकडे बघितलं. तिनं शब्द दिला होता. पण आता हा माणूस बोलला नाही तर आपण बोलायचं, मग जे व्हायचं ते होवो, असं ठरवून तिनं एक पाऊल पुढे टाकलंही.

"थांब पोरी," म्हातारा म्हणाला.

तो अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"तेल खवट होतं. त्या दिवशी संपलं म्हणालो ते खोटं. डबा आतच होता. मीच घालत होतो, घोडी परत आली की जास्त घालत होतो. हिनं सांगितलं तेव्हा सर्वांसमोर हुंगून चांगलं म्हणालो. मला वास येत नाही. थंडीपासून येत नाही."

 मग गिरणीवाल्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला.

"थंडीपासून?" तो म्हणाला. "म्हणजे माझ्या घोडीला हात लावून, डोळे मिटून, उद्या सकाळी, उद्या सकाळी म्हणत होतात ते?"

"अंदाजानं."

"तीन वेळा?"

"तिन्ही वेळा."

गिरणीवाल्याला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदमच. "कमाल झाली," तो म्हणाला. "आम्ही चार गावं सांगत फिरतो याच्या नाकाच्या गोष्टी." आणि तो फाटकातून बाहेर पडला तो सरळ टपरीच्या दिशेनं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कुठं कुठं पोचणार हे अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मुलगा बापाकडे बघत राहिला. हा माणूस चूक कबूल करताना त्यानं कधी बघितला नव्हता, कसं बघायचं हेही त्याला माहीत नव्हतं. मग तो बायकोकडे वळला. "तू म्हणाली होतीस. आणि मी हसलो."  तो वीटभट्टीवाल्याकडे गेला, त्याच्या खांद्यावरचा पट्टा घसरला होता तो नीट करून दिला आणि म्हणाला, "घोडा द्यायचा नाही. चंदी आता ही बघेल."

वीटभट्टीवाला कुरकुरत गेला. म्हातारा मात्र होता तिथंच उभा होता. आता कुठं जायचं, कशाला हात लावायचा, हे त्याला सुचत नसावं. डॉक्टरीणबाईंनी दुसरी पिशवी न उघडताच स्कूटरला अडकवली. सूक्ष्मदर्शक उचलायला म्हणून त्या ओसरीवर आल्या आणि थांबल्या.

"बाबा, बघायचं का तुम्हाला? डोळे तर चांगले आहेत ना?"

म्हातारा ओसरी चढला. गुडघे टेकून बसला, एक डोळा मिटला, दुसरा नळीला लावला. आधी त्याला काही दिसेना. बाईंनी चाक थोडं फिरवलं. मग तो आणखी खाली वाकला.

"केवढी पळापळ चाललीय," तो म्हणाला.

"हो."

"सगळे एकमेकांच्या पुढे..." त्यानं नळी दोन्ही हातांनी धरली. "एवढेसे जीव. आणि मी यांना वाटी वाटी भरून मारत होतो."

सून त्याच्याजवळ जाऊन बसली. मुलगा पायरीपाशी उभा होता. आतून सासू दारात आली होती. म्हाताऱ्यानं डोळा काढला नाही. त्याच्या गालावरून पाणी ओघळून नळीवर पडलं, ते बाईंनी पुसलं नाही.

"बाबा, उठा आता," थोड्या वेळानं त्या हळूच म्हणाल्या. "काचेवर फार वेळ टिकत नाहीत ते. थंड पडतात. थांबतील थोड्या वेळात."

"थांबेपर्यंत बघतो," म्हातारा म्हणाला.

बाईंनी हेल्मेट खाली ठेवलं आणि त्या पायरीवर बसल्या.